कोडी वाढत गेली आणि सोडवणं राहून गेलं

सहा महिन्यांपूर्वी एका रात्री मी जे केलं ते त्याआधीच्या नऊ वर्षांत एकदाही केलं नव्हतं. त्याच दिवशी आलेला लाकडी डबा होता, बघायला नुसता ठोकळा, कुठे झाकण नाही की कडी नाही, तो उघडायचा कसा हेच कोडं. पाऊण तास हातात घेऊन बसले, एक फळी सरकली, दुसरी सरकली, तिसरी अर्ध्यावर जाऊन थांबली, आणि मी फोन उचलून सरळ उत्तराचा व्हिडिओ लावला. चार मिनिटांचा होता. तो बघत बघत तसंच करत गेले, डबा उघडला, आतला कारागिराचा शिक्का बघितला, परत बंद केला, कपाटात ठेवला आणि माझ्या एक्सेलच्या यादीत त्याच्यापुढे 'सुटलं' असं लिहून टाकलं.

मग झोप लागेना.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांना वाटेल यात काय एवढं. पण मेकॅनिकल पझल, म्हणजे हातात धरून सोडवायचं कोडं, हे पहिल्यांदा एकदाच सुटतं. उत्तर कळलं की कळलं, ते परत न कळलेलं होत नाही. कोणीतरी कारागिराने महिनोन्महिने बसून एक युक्ती लपवलेली असते, ती शोधायची तुम्हाला एकच संधी असते, आणि मी ती चार मिनिटांत संपवली. का, तर दुसऱ्या दिवशी पुढचं पार्सल यायचं होतं आणि त्याआधी मला हे 'उरकायचं' होतं. हा उरकायचा शब्द माझ्या डोक्यात आला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

सुरुवात अशी नव्हती. बाबा हॉस्पिटलमध्ये होते, अकरा दिवस, आणि ताईने एका रात्री माझ्या हातात एक छोटं धातूचं कोडं ठेवलं, हानायामाचं, दोन तुकडे एकमेकांत अडकलेले, ते सोडवायचे. जपानची ही कंपनी या कोड्यांवर १ ते ६ असे लेव्हल छापते, १ म्हणजे सोपं आणि ६ म्हणजे महिनाभर डोकं धरून बसा. माझं मधल्या कुठल्यातरी लेव्हलचं होतं. त्या कॉरिडॉरमध्ये बसून मी चार रात्री ते फिरवत होते, काहीच होत नव्हतं आणि तरी बरं वाटत होतं, कारण त्या अकरा दिवसांत ही एकच अडचण अशी होती जिला उत्तर आहे याची खात्री होती. पाचव्या पहाटे ते हातातच सुटलं. आवाजसुद्धा झाला नाही, एकदम दोन्ही हातांत एकेक तुकडा. मी तशीच बसून राहिले, कोणाला सांगणार, ताई झोपली होती. मग ते परत जोडायला मला आणखी एक रात्र लागली.

हे परत जोडण्याचं मुद्दाम लिहितेय. कोडी सोडवणाऱ्या लोकांत असं मानतात की तुकडे वेगळे केले म्हणजे कोडं सुटलं असं नाही, ते होतं तसं परत जोडलं की मग सुटलं. बऱ्याच कोड्यांत जोडणंच जास्त अवघड असतं. आणि जोर लावायचा नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे तुम्ही चुकताय. हे दोन नियम मला त्या छंदाने दिले आणि खरं सांगते, बाकीच्या आयुष्यातही उपयोगी पडले.

पुढची दोन-तीन वर्षं फार सुंदर गेली. मी वाचायला लागले, की हे सगळं आलं कुठून. एकात एक अडकवलेल्या कड्यांचं ते जुनं कोडं असतं ना, चायनीज रिंग्ज म्हणतात, इटलीच्या कार्डानो नावाच्या गणितज्ञाने १५५० मध्ये त्याबद्दल लिहून ठेवलंय. नऊ कड्या असतील तर त्या सगळ्या सुट्या करायला कमीत कमी ३४१ चाली लागतात. त्यात युक्ती एकदाच कळते, बाकी सगळी चिकाटी, एक चाल चुकली आणि लक्षात आलं नाही तर तुम्ही उलट्या दिशेने मजेत चालत राहता. मी ते पहिल्यांदा पूर्ण केलं तेव्हा बोटं दुखत होती आणि डोकं इतकं शांत होतं की काय सांगू.

किंवा सहा काठ्यांचं बर पझल. सहा चौकोनी काठ्या, प्रत्येकीला मधे खाचा, सहाही मिळून एक त्रिमितीय फुली तयार होते. दिसायला सगळी सारखीच. पण आतल्या खाचा बदलल्या की कोडंच बदलतं, आणि बिल कटलर नावाच्या माणसाने कॉम्प्युटर लावून या सहा काठ्या किती प्रकारे जुळू शकतात ते सगळं तपासलं, ते काम १९९० मध्ये पूर्ण झालं आणि आकडा आला ३५,६५,७१,३१,२३५. साडेतीन हजार कोटींच्या वर. सहा काठ्यांचे! हे वाचलं त्या रात्री मी माझं साधं बर हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बसले होते.

आणि एर्नो रुबिकची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते पण त्यातला माझा आवडता भाग लोक सांगत नाहीत. १९७४ मध्ये त्याने क्यूब बनवला, रंग लावले, फिरवला, आणि मग तो परत जागेवर आणायला त्याला स्वतःलाच महिनाभर लागला. बनवणारा माणूस महिनाभर अडकलेला होता, आणि सुटेल की नाही हेही त्याला माहीत नव्हतं कारण त्याआधी ते कोणी सोडवलेलंच नव्हतं. पुढे २०१० मध्ये सिद्ध झालं की कसाही फिरवलेला क्यूब २० चालींच्या आत सुटतो. पण मला ते वीस आठवत नाहीत, मला तो महिना आठवतो.

कारण या छंदात जे काही आहे ते त्या अडकलेल्या वेळातच आहे. कोडं सुटतं तो क्षण चांगला असतो, पण क्षणच असतो. त्याच्या आधीचे आठ दिवस, भांडी घासताना, रांगेत उभं असताना, मीटिंगमध्ये कोणी बोलत असताना डोक्याच्या मागे ते फिरत असतं, आणि मधेच वाटतं अरे आपण ते उलटं धरून बघितलंच नाही, तो खरा छंद. माझा तेवढाच भाग हळूहळू नाहीसा झाला आणि मला कळलंसुद्धा नाही, कारण बाहेरून बघितलं तर छंद वाढत होता.

कसा ते सांगते. मी बरेच महिने यावर विचार केलाय त्यामुळे जरा तपशिलात.

अडकणं हे सुखाचं नसतं. मला आता मागे वळून बघताना ते आवडतं पण त्या वेळी हातात कोडं घेऊन बसलेलं असताना ती चक्क बेचैनी असते, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. आधी माझ्याकडे तीनच कोडी होती तेव्हा त्या बेचैनीतून बाहेर पडायचा रस्ता एकच होता, सोडवणे. मग माझ्याकडे वीस झाली, तेव्हा दुसरा रस्ता निघाला, हे ठेवून दुसरं घेणे. ठीक आहे, त्यातही काही वाईट नाही, सगळेच करतात. पण नंतर तिसरा रस्ता सापडला. अडकले की फोन उघडायचा आणि नवीन काय आलंय ते बघायचं. बघता बघता एखादं ऑर्डर करायचं. आणि ऑर्डर केलं की खरंच बरं वाटायचं, तीच बेचैनी तेवढ्यापुरती गायब, जणू काहीतरी सोडवलंच. म्हणजे अडकलं की ऑर्डर. पुढे पुढे अडकायचीही गरज उरली नाही, ऑफिसमध्ये कोणी बोललं की ऑर्डर, झोप येत नाहीये की ऑर्डर.

त्यात या कोड्यांचं विकणंच असं आहे की माणूस ओढला जातो. चांगली लाकडी कोडी हाताने बनतात, थोडीच बनतात, पन्नास नाहीतर शंभर, आणि एका ठरलेल्या वेळी वेबसाइटवर येतात आणि काही मिनिटांत संपतात. आलार्म लावून बसायचं. पान रिफ्रेश करत राहायचं. मिळालं तर जिंकल्यासारखं आणि हुकलं तर दोन दिवस हळहळ, आणि मग तेच कोडं लिलावात कितीतरी पट किमतीला दिसतं आणि तुम्ही तिथे बोली लावता कारण आता ते परत होणार नाहीये. कारागिरांचा यात दोष नाही हो, हाताने किती बनवणार. जपानमध्ये काराकुरी क्रिएशन ग्रुप म्हणून कारागिरांचा गट आहे, गुपित डबे बनवणारा, त्यांचं सभासद झालं की वर्षाच्या शेवटी तुम्ही निवडलेल्या कारागिराकडून एक डबा येतो, काय येणार ते आधी माहीत नसतं. ही पद्धत मला आजही फार प्रेमाची वाटते. प्रॉब्लेम तो नव्हता. मी एका डब्याची वर्षभर वाट बघणारी बाई राहिले नव्हते, हा प्रॉब्लेम होता.

आणि सोबत. आपल्याकडे म्हणतात ना, समानशीलव्यसनेषु सख्यम्, ते अगदी खरं आहे. जगभरातले कोडी जमवणारे लोक फार चांगले असतात, उत्तर विचारलं तर उत्तर देत नाहीत, 'आवाज नीट ऐक' एवढीच हिंट देतात. पण त्याच लोकांत तीनशे कोडी असलेला माणूस नवखा असतो. जेरी स्लोकम हे या जगातलं सगळ्यात मोठं नाव, ह्यूज एअरक्राफ्ट या अमेरिकन कंपनीत इंजिनियर होते, त्यांनी २००६ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीला ३०,००० हून जास्त कोडी दिली. तीस हजार! त्यांच्याच घराच्या दिवाणखान्यात १९७८ मध्ये काही संग्राहक जमले होते आणि त्यातून आंतरराष्ट्रीय पझल पार्टी सुरू झाली. असा माणूस डोळ्यासमोर असला की तुमचे दोनशे म्हणजे काहीच नाही वाटायला लागतं. पण मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत होते. स्लोकम यांनी त्या कोड्यांचा इतिहास लिहिला, पेटंट धुंडाळली, पुस्तकं जमवली. सरकत्या फरशांचं ते पंधराचं कोडं, ज्याने १८८० मध्ये लोकांना अक्षरशः वेड लावलं होतं, ते सॅम लॉइड या प्रसिद्ध अमेरिकन कोडीकाराने शोधलं असं सगळे शंभर वर्षं म्हणत होते आणि स्लोकम आणि त्यांच्या सहलेखकाने शोधून दाखवलं की नाही, ते नोयेस चॅपमन नावाच्या पोस्टमास्तरचं होतं. म्हणजे त्या तीस हजारांना काहीतरी अर्थ होता. माझी कोडी नुसती कपाटात येऊन बसत होती.

त्या १८८० च्या वेडाबद्दल थोडं अजून, कारण मला त्यात मी दिसते. त्यात सगळे आकडे ओळीने लावायचे असतात आणि शेवटचे १४ आणि १५ उलटे असले तर ते सरळ करायचे. ते होतच नाही. अशक्य आहे, आणि १८७९ मध्येच गणितज्ञांनी तसं सिद्ध करून छापलेलं होतं. तरी लोक रात्रंदिवस सरकवत राहिले. मला आधी वाटायचं लोक किती भोळे. आता वाटतं त्यांच्यासमोर निदान एक कोडं तरी होतं आणि ते त्याच्याशी खरोखर झुंजत होते.

लपवायला मी कधी लागले ते नक्की आठवत नाही. आधी पार्सल घरी यायची, मग मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवायला लागले, कारण सांगायचे की घरी कोणी नसतं. मग ऑफिसच्या बॅगेतून एकेक घरी आणायचे. नवऱ्याने विचारलं हे नवीन का, तर म्हणायचे नाही रे जुनंच आहे, खाली होतं. म्हणजे खोटं बोलायचे. पैशांची ओढाताण झाली असं नाही, पण बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी दोनदा काढले आणि परत भरते म्हणून भरले नाहीत. हे लिहिताना अजूनही लाज वाटतेय. पण जे कोणी हे वाचून स्वतःशी ताडून बघत असतील त्यांच्यासाठी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, संख्या नाही. कोणाकडे पाचशे असतील आणि सगळं उघड असेल, सगळं हाताळलेलं असेल, तर तो छंदच आहे. माझ्याकडे त्याच्या निम्मीही नव्हती.

त्या व्हिडिओवाल्या रात्रीनंतर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो पैशांवरून चिडेल. तो गप्प बसला बराच वेळ आणि मग म्हणाला, "अगं पार्सलं येतात हे मला माहीत होतं. मला दुसरंच वाटत होतं. किती महिने झाले तुला कोडं हातात घेऊन बसलेलं मी बघितलंच नाहीये. फोन घेऊन बसलेली बघतो." एवढंच.

मी त्यावर काही बोलू शकले नाही कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आम्ही दोघांनी मिळून सगळं कपाट रिकामं केलं आणि मोजलं. एकूण २१२. त्यातली खरोखर मी स्वतः सोडवून परत जोडलेली ९६. उत्तर बघून 'सुटलं' लिहिलेली ७, म्हणजे ती रात्र पहिली होती पण शेवटची नव्हती, त्याच आठवड्यात मी आणखी सहांची उत्तरं बघून टाकली होती. वेगळी केलेली आणि जोडता न आलेली १४, झिपच्या पिशव्यांत तुकडे. एकदा हातात घेऊन ठेवून दिलेली ६४. आणि ३१ अशी, ज्यांचा खोकाच उघडलेला नव्हता. त्यातला एक डबा दोन वर्षं तसाच पडलेला होता, तो मी आलार्म लावून, रात्री जागून मिळवलेला होता, त्यासाठी मी रडकुंडीला आले होते तेव्हा. उघडला तर दमट हवेने लाकूड फुगून सगळ्या फळ्या घट्ट बसलेल्या, काही हलेच ना. लाकडी कोड्यांना कोरडी जागा लागते, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावं लागतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी त्याला नीट ठेवलंसुद्धा नव्हतं. ज्याने ते बनवलं त्याच्याबद्दल मला इतकं वाईट वाटलं. त्याने त्या फळ्या किती बारकाईने घासल्या असतील की हलक्या हाताने सरकाव्यात.

माझी एक मैत्रीण मानसोपचारात काम करते, तिला मी विचारलं की हे व्यसन म्हणायचं का. ती म्हणाली कोडी जमवण्याचं व्यसन असा काही आजार कुठल्या यादीत नाही. जुगार आहे, २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीत तो दारू-ड्रग्जच्या शेजारी आला. व्हिडिओ गेमिंगचं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत आहे, ते २०२२ पासून लागू झालं. पण त्या गेमिंगच्या व्याख्येत जे तीन प्रश्न आहेत ते तू स्वतःला विचार, असं ती म्हणाली. ताबा सुटलाय का, बाकीच्या गोष्टींपेक्षा हे पुढे गेलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. आणि हे एखाद्या आठवड्याचं नाही, साधारण वर्षभर. मी तीनही प्रश्नांना लगेच नाही म्हणू शकले नाही. ती अजून एक गोष्ट म्हणाली, की नाव काय द्यायचं यात अडकू नकोस, पण खोटं बोलावं लागत असेल किंवा उधारी होत असेल तर कोणाशी तरी बोलायलाच हवं, आणि ते कोणी म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशक असेल तर उत्तम. मी चार वेळा जाऊन आले. त्याचा उपयोग झाला, ते इथे सांगून ठेवते.

तिनेच मला केंट बेरिज यांच्या कामाबद्दल सांगितलं. मिशिगन विद्यापीठात त्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि असं दिसलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ काढून टाकलं ते गोड चव जिभेवर दिली की तसेच खूश दिसायचे, पण स्वतः उठून तिच्याकडे जायचे नाहीत. आवडत होतं, हवंसं वाटत नव्हतं. आणि व्यसनात याच्या उलट होतं, हवंसं वाटणं वाढत जातं आणि आवडणं होतं तिथेच राहतं किंवा कमीच होतं. हे ऐकलं तेव्हा मला ती पार्सलं आठवली. पार्सल कुठे पोचलंय ते दिवसातून दहा वेळा बघायचे, आणि घरी आलं की खोका न उघडता कपाटात. मला ते हवं होतं. ते आवडायचा प्रश्नच उरला नव्हता.

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. छंद जडतो. नाद लागतो. वेड लागतं. सोस असतो, हव्यास असतो, आणि मग व्यसन. छंद जडतो म्हणताना त्यात जीव जडण्याचा जड आहे. माझ्या आजीला कोणी उगाच वस्तू जमवायला लागलं की ती म्हणायची 'कसला सोस हा', आणि मला वाटतं माझ्यासाठी नेमका शब्द तोच आहे. व्यसन म्हणायला मी तयार आहे पण सोस ऐकलं की मला ते कपाट डोळ्यासमोर येतं.

पुढे काय केलं ते थोडक्यात. सगळ्या विक्रेत्यांचे मेल बंद केले, त्या ग्रुपमधून बाहेर पडले जिथे फक्त नवीन काय येतंय याचीच चर्चा असते, जिथे सोडवण्याबद्दल बोलतात तिथे राहिले. पार्सल घरीच येणार. आणि एक नियम, जे आहे त्यातलं एक पूर्ण सोडवून, परत जोडून, दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा एकदा करून दाखवल्याशिवाय नवीन काही नाही. ४८ कोडी मी दुसऱ्या संग्राहकांना घेतलेल्याच किमतीला दिली. त्या सात, ज्यांची उत्तरं मी बघितली होती, ती सगळ्यात आधी गेली, कारण माझ्यासाठी ती संपली होती आणि दुसऱ्या कोणासाठी ती अजून कोरी आहेत. त्या फुगलेल्या डब्याला महिनाभर कोरड्या डब्यात ठेवलं, आता त्याची एक फळी हलते. एकच. मी जोर लावत नाहीये.

चौथ्या महिन्यात एकदा घसरले. रात्री साडेबाराला काहीतरी दिसलं, दोनच शिल्लक होते, घेतलं. सकाळी उठल्याबरोबर नवऱ्याला सांगितलं, अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. तो म्हणाला बरं. ते पार्सल आलं आणि ताईकडे ठेवलंय, खोका बंद आहे, आणि त्यात काय आहे ते रोज आठवतं हेही खरं आहे. अजून ओढ गेलेली नाही. कधी जाईल माहीत नाही.

सध्या टेबलावर क्वार्टेट आहे. हानायामाचं, लेव्हल ६, चार तुकड्यांचं. हे मी तीन वर्षांपूर्वी सोडवलं होतं, म्हणजे वेगळं केलं होतं, आणि जोडता येईना म्हणून पिशवीत भरून त्याच रात्री दुसरं काहीतरी मागवलं होतं. ताईची मुलगी सुट्टीला आलीय, बारा वर्षांची आहे. पहिल्या दिवशी तिने चार तुकडे बघितले आणि विचारलं, "मावशी, याचं उत्तर कुठेतरी असेल ना गं?" मी म्हटलं असेल, पण आपण नाही बघायचं. तिने कारण विचारलं नाही, खुर्ची ओढून बसली.

आज सहावा दिवस आहे. काल तिने दोन तुकडे अशा कोनात धरले जो मी तीन वर्षांपूर्वी एकदाही करून बघितला नव्हता, आणि तिसरा आत गेला, अगदी अलगद, आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. चौथा अजून बसत नाहीये. आता ती झोपलीय, जाताना मला सांगून गेलीय की एकटीने करायचं नाही, त्यामुळे तुकडे तिने ठेवले तसेच आहेत आणि मी त्यांच्याकडे बघत हे टाइप करतेय.